रोलर विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही: युवा फुटबॉल लीगच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य,
युवा फुटबॉल लीग व्यवस्थापन समिती, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

या हंगामाचे परिपत्रक आपण संघांना पाठवले, त्यात दोन निर्णय एकाखाली एक छापलेले आहेत आणि माझ्या समजुतीप्रमाणे दुसऱ्याच्या आधारावरच पहिला घेतलेला आहे. पहिला निर्णय असा की, दोन सामन्यांमध्ये किमान दोन पूर्ण दिवस मोकळे ठेवण्याची गेल्या हंगामापर्यंतची अट रद्द झाली असून साखळी फेरीत प्रत्येक संघ पाच दिवसांत तीन सामने खेळेल. दुसरा असा की, मैदानावर फिजिओथेरपिस्ट हजर ठेवण्याऐवजी यापुढे प्रत्येक ठिकाणी 'मायोफेशियल रिकव्हरी कक्ष' असेल, तिथे फोम रोलर (अंगाखाली घेऊन फिरवायचा कडक फोमचा दंडगोल) आणि मसाज गन (स्नायूवर भराभर ठोके देणारे हातातले यंत्र) ठेवल्या जातील आणि सहायक त्यांच्या मदतीने खेळाडूंना पुढच्या सामन्यासाठी तयार करतील. हे तंत्र आता सिद्ध झालेले असल्यामुळे सक्तीच्या विश्रांतीची गरज उरलेली नाही, असा परिपत्रकाचा आशय आहे.

याबाबत मी आपल्या कार्यालयाला दोन पत्रे दिली आणि एकदा समक्ष येऊन गेले. उत्तर आले नाही आणि सामने मात्र सुरू झाले. म्हणून हे पत्र पालक, प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्या देखत लिहीत आहे. शहरातील आणखी काही आयोजक याच वाटेने जाण्याच्या विचारात असल्याचे कानावर येते. प्रश्न एका लीगपुरता राहिलेला नाही, त्यामुळे लीगचे नाव घालण्याचे मी टाळले आहे.

मी लालबागला फिजिओथेरपीचा व्यवसाय करते. एकोणीस वर्षे झाली. त्यांपैकी गेली अकरा वर्षे सुट्टीच्या दिवशी बर्फाची पेटी, चिकटपट्ट्या आणि एक घडीची चटई घेऊन मैदानांवर उभी राहते, कधी परळला, कधी वांद्र्याला, कधी कुलाब्याच्या बाजूला. हे काम मी मानधनासाठी करत नाही. गिरणगावातल्या ज्या गल्लीत मी वाढले तिथली मुले चपला गोलपोस्ट म्हणून ठेवून खेळत आणि त्यांच्यातली दोन-तीन पुढे चांगल्या संघांत गेली. बाकीची कुठल्या ना कुठल्या दुखापतीवर थांबली, आणि त्यांतल्या बऱ्याच दुखापती टाळता आल्या असत्या, हे मला शिक्षण झाल्यावर कळले.

आता मला हे पत्र लिहायला लावणारी घटना सांगते. माझा भाचा सतरा वर्षांचा आहे, डाव्या बगलेला बचाव करतो. गेल्या हंगामाच्या अखेरीस आपण हा कक्ष प्रायोगिक म्हणून सुरू केला होता. त्या दिवसांतल्या एका सामन्यात समोरच्या खेळाडूचा गुडघा त्याच्या उजव्या मांडीत बसला. मुका मार, कातडी फुटली नाही, रक्त दिसले नाही, आणि मुलगा लंगडत का होईना उरलेली वीस मिनिटे खेळला. मी त्या दिवशी मैदानावर नव्हते. सामन्यानंतर त्याला कक्षात नेऊन निळ्या चटईवर उताणे झोपवले गेले आणि मांडीत जिथे टणक लागत होते नेमकी तिथेच मसाज गन दहा मिनिटे दाबून धरली गेली. मग त्याला पालथे करून त्याच जागेखाली रोलर सरकवला आणि अंगाचे सगळे वजन त्यावर टाकायला सांगितले. तो कळवळला तेव्हा सहायकाने त्याला सांगितले की गाठ फुटेपर्यंत दुखणारच. "मावशी, तो दादा इतक्या खात्रीने बोलत होता की मला वाटलं, हेच बरोबर असेल," असे त्याने मला नंतर सांगितले. दुखणे तेवढ्यापुरते बोथट झाले, आणि दोन दिवसांनी तो पुढचा सामना खेळला.

तीन-चार आठवड्यांनी मांडीत लिंबाएवढी घट्ट गाठ हाताला लागू लागली. गुडघा साठ अंशांच्या पुढे वाकेना. एक्स-रे काढला तेव्हा स्नायूच्या आत हाड धरू लागल्याची पांढुरकी सावली दिसली. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. स्नायूत खोलवर रक्त साचले की कधी कधी शरीर तिथे हाड तयार करू लागते. मार जोराचा होता, त्यामुळे हे केवळ त्या मसाजमुळेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु ताज्या मुक्या मारावर पहिले काही दिवस चोळायचे नाही, रगडायचे नाही आणि शेकायचे नाही, हे आमच्या विषयातले अगदी सुरुवातीचे शिक्षण आहे. माझे आजोबा ज्या तालमीत जात तिथले वस्ताद कुठलेही पुस्तक न वाचता ताज्या माराला मालीश करू देत नसत, असे ते सांगायचे. भाचा पाच महिने मैदानाबाहेर राहिला, आणि बारावीच्या परीक्षेत पाय लांब करून बसता यावे म्हणून त्याला परवानगी घ्यावी लागली. आपल्या परिपत्रकात हाच प्रयोग यशस्वी झाल्याचे म्हटले आहे.

माझा रोलरला विरोध नाही. माझ्या दवाखान्यात तीन रोलर आहेत आणि ते रोज वापरात असतात. म्हणूनच त्यातून काय होते आणि काय होत नाही, हे आधी स्पष्ट करते.

चिकन साफ करताना मांसावरून जो पातळ, पांढरट, ओलसर पापुद्रा निघतो, तो म्हणजे फॅशिया. आपल्या शरीरातही प्रत्येक स्नायूभोवती, स्नायूंच्या तंतूंमध्ये आणि त्वचेखाली असे आवरण असते, आणि त्याचे थर एकमेकांवरून सरकतात म्हणून आपण सहज हलू शकतो. हाताने, रोलरने किंवा चेंडूने त्यावर सावकाश दाब देऊन हालचाल मोकळी करणे, याला मायोफेशियल रिलीज म्हणतात. हे आवरण चिकटते, त्यात गाठी होतात आणि रोलर त्या फोडतो, अशी जी समजूत जिममधून आणि आता आपल्या कक्षातून पसरते आहे, तिला मात्र आधार नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूचे आणि तळपायाचे आवरण किती चिवट असते याचे गणित संशोधकांनी २००८ साली मांडले, तेव्हा त्याचा आकार अवघा एक टक्का बदलण्यासाठीसुद्धा माणसाच्या हाताला सहज न जमणारा प्रचंड जोर लागेल, असे निघाले. म्हणजे रोलरखाली काही फुटत नाही आणि काही वितळत नाही.

मग बरे का वाटते? बरे वाटते, कारण दाबामुळे मज्जासंस्थेची वेदना सहन करण्याची पातळी तात्पुरती वाढते आणि ताण पडलेला स्नायू थोडा सैल सोडला जातो. एका पोटरीवर रोलर फिरवल्यानंतर ज्या पोटरीला हातही लावला नव्हता तिथेही दाब अधिक सहन होऊ लागल्याचे प्रयोगात दिसले आहे; बदल आवरणात होत असता तर असे झाले नसते. ही गोष्ट समितीने नीट लक्षात घ्यावी, कारण माझी मुख्य हरकत इथेच आहे. रोलर वेदना कमी करतो, झीज भरून काढत नाही. ज्या मुलाला पाय दुखतो म्हणून थांबावेसे वाटले असते, त्याला आपण दुखणे बोथट करून पुन्हा मैदानात सोडतो.

खेळावर होणाऱ्या परिणामाचे आकडेही समितीला ठाऊक असायला हवेत. कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ साली अकरा पुरुषांच्या मांडीवर एकेक मिनिट असे दोनदा रोलर फिरवला, तेव्हा दोन मिनिटांनंतर गुडघ्याची हालचाल सुमारे १० अंशांनी आणि दहा मिनिटांनंतर सुमारे ८ अंशांनी वाढलेली आढळली, आणि स्नायूंची ताकद कमी झाली नाही. वॉर्म-अपसाठी हे उपयोगाचे आहे, त्यात शंका नाही. पुढे २०१९ मध्ये एकवीस अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. खेळाआधी रोलर वापरल्याने धावण्याचा वेग सरासरी ०.७ टक्क्याने आणि लवचिकता ४ टक्क्यांनी वाढली. खेळानंतर वापरल्याने वेगात होणारी घट ३.१ टक्क्यांनी आणि ताकदीतली घट ३.९ टक्क्यांनी सावरली, आणि अंग आंबल्याची जाणीव ६ टक्क्यांनी कमी झाली. हे परिणाम लहान आहेत, काही बाबतींत नगण्य आहेत, असे आढावा घेणाऱ्यांनीच लिहिले आहे. व्यावसायिक फुटबॉलपटूंवरचाही एक अभ्यास त्याच वर्षीचा आहे: सरावानंतर वीस मिनिटे रोलर वापरलेल्यांचे अंग दुसऱ्या दिवशी कमी आंबले आणि चपळाई बरी टिकली, परंतु छोट्या धावा, उडी आणि लवचिकता यांत नुसती विश्रांती घेतलेल्यांपेक्षा फरक पडला नाही.

या आकड्यांवरून कुणी रोलर फेकून द्यावा असे होत नाही. पण त्यांच्या भरवशावर दोन दिवसांची विश्रांती रद्द करावी, असेही कुठल्याच वाचनातून निघत नाही.

आता माझ्या तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार वेळापत्रकाची. सामन्यात खर्ची पडलेले स्नायूंमधले इंधन भरून यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तंतूंच्या बारीक इजा भरायलाही तेवढा काळ जातो. हे जेवण, पाणी, झोप आणि वेळ यांनीच होते. बाहेरून दाबून होत नाही. याबाबत युरोपातल्या एका अव्वल क्लबच्या बत्तीस खेळाडूंचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तो मी समितीसमोर मुद्दाम ठेवते. आठवड्यात एक सामना खेळताना खेळाच्या दर हजार तासांमागे ४.१ दुखापती होत होत्या. आठवड्यात दोन सामने खेळताना त्या २५.६ झाल्या. आणि या दोन्ही काळांत खेळाडू सामन्यात किती धावले, किती वेगाने धावले, यात लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला खेळाडू ताजातवाना दिसत होता आणि आतून तो सहापट दुखावत होता. प्रायोगिक कक्षानंतर मुले 'पूर्ववत धावली' हा आपल्या परिपत्रकातला पुरावा म्हणूनच पुरावा ठरत नाही. त्या क्लबकडे डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते, प्रवासाला बस होती. आपल्याकडचा मुलगा नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून, दाराशी उभा राहून चर्चगेटला उतरतो, तापलेल्या टर्फवर खेळतो, वडापाव खातो आणि तसाच उभा राहून परत जातो. त्याच्या पायांना संध्याकाळपर्यंत विश्रांतीच मिळालेली नसते. अशा मुलाला दोन सामन्यांमध्ये अधिक दिवस लागतील की कमी, हे समितीनेच सांगावे.

मैदानांची अडचण मला ठाऊक आहे. मैदाने थोडी, त्यांत क्रिकेटची वाटणी, टर्फचे भाडे तासावर. परंतु जागेची अडचण जागेची म्हणून सांगावी, संघ कमी करावेत किंवा हंगाम लांबवावा. तिला विज्ञानाचे कारण जोडू नये.

दुसरी तक्रार कक्षात कोण बसते याची आहे. मी चौकशी केली तेव्हा सहायकांचे प्रशिक्षण शनिवार-रविवारचे असल्याचे त्यांच्यापैकी दोघांनी मोकळेपणाने सांगितले. ती मुले मेहनती आहेत आणि त्यांच्यावर माझा राग नाही. परंतु हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, ओढली गेली आहे की फाटली आहे, पोटरीत आलेला गोळा साधा आहे की शिरेत रक्त साकळल्यामुळे पाय सुजला आहे, घोट्याला नुसती लचक आहे की हाड मोडले आहे, हे ओळखण्याचे शिक्षण त्यांना मिळालेले नाही. यांतल्या प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या शक्यतेत रोलर किंवा मसाज गन अपाय करते. तपासणी आधी आणि हात लावणे नंतर, हा क्रम कक्षात उलटा झाला आहे: मुलगा येतो, कुठे दुखते ते बोटाने दाखवतो आणि तिथे यंत्र लागते.

मुलींच्या सामन्यांच्या दिवशी तर परिस्थिती आणखी अवघड असते. कक्षाच्या तंबूला तिन्ही बाजूंनी कापड आहे, समोरची बाजू उघडी आहे, आणि मी गेले त्या दोन्ही दिवशी आत एकही स्त्री सहायक नव्हती. पंधरा वर्षांच्या मुलीने मांडीचा मागचा भाग कुणा अनोळखी पुरुषाला रगडू द्यावा की नाही, हे तिने गर्दीसमोर उभ्या उभ्या ठरवायचे आणि नकार दिला तर प्रशिक्षकांनी 'रिकव्हरी घेतली नाही' म्हणून बोल लावायचा, असे माझ्यासमोर घडले. ती मुलगी काही बोलली नाही, मोजे वर ओढून बाजूला जाऊन बसली. पालकांची लेखी संमती कुठल्याच खेळाडूसाठी घेतलेली नाही, आणि हे बहुतेक खेळाडू अठरा वर्षांखालचे आहेत.

स्वच्छतेबद्दल एवढेच सांगते की, एका दुपारी एकाच रोलरवर मी लागोपाठ चौदा मुले मोजली आणि मध्ये तो एकदाही पुसला गेला नाही. मुंबईच्या दमट हवेत नायटा किती झपाट्याने पसरतो, हे कुठल्याही चाळीतली आई सांगेल.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. कक्षासाठी प्रत्येक संघाकडून जादा शुल्क घेतले गेले, पण ज्या उपायांना पैसे लागत नाहीत आणि ज्यांचा पुरावा रोलरपेक्षा कितीतरी भक्कम आहे, त्यांचा परिपत्रकात उल्लेखही नाही. डेन्मार्कमधल्या पन्नास संघांच्या ९४२ खेळाडूंवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या संघांना दहा आठवडे नॉर्डिक हॅमस्ट्रिंग हा एकच व्यायाम दिला होता: जोडीदाराने घोटे धरायचे, खेळाडूने गुडघ्यांवर उभे राहून पाठ सरळ ठेवत सावकाश पुढे झुकायचे. त्या गटात हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, दुसऱ्या गटात ५२. फिफाचा 'इलेव्हन प्लस' हा वीस मिनिटांचा वॉर्म-अपही असाच आहे. नॉर्वेतल्या सुमारे १९०० मुलींवरची त्याची चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्याला एक चेंडू आणि थोडी मोकळी जागा पुरते. युरोपातल्या व्यावसायिक संघांतही एकूण दुखापतींमधला हॅमस्ट्रिंगचा वाटा २००१-०२ च्या हंगामातल्या १२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये २४ टक्क्यांवर गेला आहे. त्या संघांकडे रोलरची आणि मसाज गनची उणीव नव्हती.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. दोन सामन्यांमध्ये किमान दोन पूर्ण दिवस मोकळे ठेवण्याची अट तातडीने पुन्हा लागू करावी आणि उरलेले वेळापत्रक त्यानुसार बदलावे. त्यासाठी हंगाम लांबवावा लागला तरी संघ सहकार्य करतील. मी ज्या प्रशिक्षकांशी बोलले त्यांनी तशी तयारी दाखवली आहे.

२. प्रत्येक मैदानावर सामना सुरू होण्यापूर्वीपासून संपेपर्यंत नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट हजर असावा, आणि दुखापत झालेला खेळाडू पुन्हा खेळू शकतो की नाही याबाबत त्याचा शब्द अंतिम मानावा.

३. कक्ष चालू ठेवायचा असेल तर तो याच फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालवावा. मार लागलेल्या, सुजलेल्या किंवा ओढल्या गेलेल्या जागी रोलर अथवा मसाज गन लावू नये, अशी सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजीत तंबूच्या दर्शनी भागी लावावी. रोलर प्रत्येक वापरानंतर पुसावेत.

४. अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी. मुलींच्या सामन्यांना स्त्री सहायक आणि आडोसा असावा. नकार देणाऱ्या खेळाडूला कुणीही काही बोलू नये.

५. विश्रांतीची गरज उरलेली नाही, हे परिपत्रकातले विधान लेखी मागे घ्यावे.

६. गेल्या हंगामापासून कक्षात उपचार घेतलेल्या खेळाडूंच्या दुखापतींची माहिती संघांकडून मागवून, नावे वगळून, प्रसिद्ध करावी. माझ्या भाच्याचे एक्स-रे आणि कागदपत्रे देण्यास त्याचे आईवडील तयार आहेत.

दुसऱ्या मागणीला पैशांची अडचण पुढे केली जाईल, हे मी जाणते. परळ, दादर आणि माटुंगा भागातील माझ्या सहा सहकाऱ्यांनी या हंगामाच्या उरलेल्या सामन्यांसाठी आळीपाळीने, मानधन न घेता मैदानावर उभे राहण्याची तयारी लेखी कळवली आहे. त्यांतल्या चार स्त्रिया आहेत. सहाही जणांचे नोंदणी क्रमांक आणि मोकळे दिवस यांची यादी मी आपल्या कार्यालयात दिलेल्या दुसऱ्या पत्राला जोडलेली आहे. पुढच्या फेरीचे वेळापत्रक छापण्याआधी ती पाहावी आणि आम्हाला बैठकीसाठी वेळ द्यावा.

आपली,
लालबाग येथील एक फिजिओथेरपिस्ट